साडेतीन इंचांचा तोरा

व्हर्लिन स्टकीनं जन्मभर ओक्लाहोमाच्या शेतांवर गॅसच्या टाक्या पोचवल्या. पण कुणी धंदा विचारला की छाती काढून सांगायचा, "आपल्याकडे साडेतीन इंची आहे!"

म्हणजे आजोबांचं रिव्हॉल्व्हर. त्या जातीची लांब नळीची हत्यारं ढिगानं मिळतात. आखूड नळीची कारखान्यानं मोजकीच काढली. लोखंड कमी, भाव दहापट. संग्राहकांच्या जगात हा न्याय कुणालाच खटकत नाही. झाडलं की भाव उतरतो, म्हणून व्हर्लिननं ते कधी झाडलंही नाही. मखमलीवर झोपवायचा, बायकोपेक्षा जास्त पुसायचा.

जुन्या हत्यारांच्या यंदाच्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाची निळी फीत आपलीच, अशी त्याची खात्री होती. परीक्षक ड्वाइट टब्स आला. त्यानं नळीत पेन्सिल सोडली, ती आत गोळ्यांच्या चक्रीला टेकल्यावर तोंडाशी नखानं खूण धरली आणि फूटपट्टीला लावली. बरोब्बर साडेतीन! व्हर्लिननं मिशीला पीळ दिला.

पण ड्वाइटनं भिंग काढलं. "व्हर्लिन, कारखान्याचा शिक्का नळीच्या मधोमध असतो ना रे?"

"असतो की."

"मग तुझा पार तोंडाशी का येऊन बसलाय? कापलीय ही."

व्हर्लिनचा चेहरा शिळ्या मक्याच्या पावासारखा झाला. नळ्या कापणाऱ्यांना आजवर तो खाटीक म्हणत आला होता.

"आजोबांनी खास मागवली होती!" तो ओरडला.

शेजारी विणत बसलेली त्याची बायको नेल्डा मान वर न करता म्हणाली, "बग्गीत बसताना मांडीला टोचायची, म्हणून करवतीनं कापली त्यांनी. लग्नातच सांगितलं होतं तुझ्या आईनं."

"आणि तू इतकी वर्षं गप्प?"

"तू श्वास घ्यायला थांबलास तर सांगणार ना! शिवाय तेवढ्यावर खूश होतास. स्वस्तात पडत होतं मला."

ड्वाइट खोकल्याच्या नावाखाली हसत पुढच्या टेबलाकडे सरकला. व्हर्लिननं समोरची 'हात लावू नये' ही पाटी आडवी केली आणि रिव्हॉल्व्हर पेटीत कोंबलं.

"आता काय उरलंय त्यात?" तो गाडीत पुटपुटला.

"आता झाडता येईल की," नेल्डा म्हणाली.

घरामागच्या मातीच्या बांधावर त्यांनी घेवड्याचे रिकामे डबे मांडले. व्हर्लिनच्या सगळ्या गोळ्या बांधाला लागल्या. इतक्या आखूड नळीनं नेम कसला लागतोय, असं त्यानं जाहीर केलं. नेल्डानं हत्यार घेतलं, पहिलाच डबा उडवला आणि हात पुढे केला.

"गोळ्या दे अजून."