बाबांच्या खेळातला रस्ता

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात मी परत आलेल्या मालाच्या टेबलावर काम करते. लोकांनी मागवलेल्या आणि नको म्हणून परत पाठवलेल्या वस्तू आमच्याकडे येतात. पाकीट उघडायचं, बाहेर लिहिलंय तेच आत आहे का ते बघायचं आणि मग शिक्का मारायचा, हे माझं काम. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी, नव्या बुटांच्या खोक्यात कुणाचे तरी झिजलेले बूट असले प्रकार मी इतक्यांदा पाहिलेत, की घरी कुणी मिठाईचा बॉक्स आणला तरी मी तो आधी हातात तोलून बघते. नवरा म्हणतो, तुझा संशय पगारी आहे.

एकदा व्हिडिओ गेमचा एक डबा परत आला. झाकणावर मोठं रंगीत चित्र होतं, पण आत तबकडी नव्हती. आकडे आणि अक्षरं छापलेला एक कागद तेवढा होता. मी ‘आतला माल गायब’ असं लिहून डबा बाजूला ठेवला. सुपरवायझर हसायला लागला.

“मैडम, माल यही है. ये कोड डालो, गेम अपने आप घर में उतर जाता है.”

“फिर डिब्बा किसलिए?”

“दिखाने के लिए.”

मी लिहिलेलं खोडलं आणि दुसरा शिक्का मारला. पण माझं समाधान काही झालं नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी माझे सासरे न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. बाबांचं सगळं आयुष्य गाडीवर गेलेलं. मूळचे शेलार गावचे, पण गावात राहिले कमी आणि ट्रकमध्ये जास्त. भिवंडीतून कापडाच्या गाठी भरायच्या आणि इंदूरला उतरवायच्या, अशी तीसेक वर्षं काढली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे कामतघरला राहायला आले. दोन खोल्यांचं घर. नवरा लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. आम्ही दोघं ड्युटीवर गेलो की बाबा दिवसभर एकटे. ऑपरेशन चांगलं झालं, पण माणूस मिटून गेला. खिडकीत बसून खालून जाणाऱ्या टेम्पोंचे नुसते आवाज ऐकायचे. “ह्याचा क्लच गेलाय,” एवढंच काय ते बोलायचे.

माझा धाकटा दीर पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तो एका रविवारी आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. सोबत एक स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायचे पेडल. त्याने सगळं टेबलाला आवळून बसवलं, आणि पडद्यावर एक दुकान उघडलं. हजारो गेम, एकाखाली एक. त्यातला ट्रक चालवायचा गेम त्याने निवडला. परदेशातले रस्ते होते, पण खरे वाटावेत असे. घाट, बोगदे, टोलनाके, पेट्रोलपंप. दोनदा क्लिक केलं आणि खरेदी झालीसुद्धा.

“आणि गेम कुठाय?” मी विचारलं.

“हा काय, उतरतोय.”

“तसं नाही. उद्या हा कॉम्प्युटर बिघडला तर?”

“वहिनी, तोच तर फायदा आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं, परत उतरवायचा. तबकडी हरवायची भीती नाही, चरे पडायची भीती नाही. काही अडलं तर मी पुण्याहून बघेन.”

खरेदीच्या आधी एक लांबलचक इंग्रजी मजकूर आला होता. तो त्याने सर्रकन खाली सरकवला होता. मी त्याला तो परत उघडायला लावला. आमच्या गोदामात असं न वाचता कुणी सही केली तर मेमो मिळतो. मला समजलं ते असं, की हा गेम तुम्हाला विकलेला नाही, वापरायची परवानगी दिलेली आहे.

“म्हणजे आपला झाला की नाही?”

“आपलाच गं. सगळीकडे असंच लिहितात.”

तोवर बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवले होते. पहिल्याच वळणाला त्यांनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि दुखऱ्या पायाने क्लच हलकेच सोडला. त्यांचा चेहरा बघून मी चहा टाकायला उठले.

खरं सांगायचं तर पुढचं वर्ष त्या गेमनेच तारलं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, पेडल दाबतात ते उत्तम आहे. बाबा सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून ‘ड्युटी’वर बसायचे. त्या दुकानात दिराचं नाव आणि बाबांचं नाव एकमेकांना जोडलेलं होतं. बाबा खेळायला बसले की पुण्यात त्याला त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसायचा. दुपारपर्यंत ठिपका दिसला नाही तर मला गोदामात फोन यायचा, “वहिनी, बाबा बरे आहेत ना?” रविवारी दोघं एकाच रस्त्यावर आपापले ट्रक घेऊन निघायचे आणि फोनवर गप्पा मारत जायचे. बापलेक आयुष्यात कधी इतके बोलले नव्हते. मला मात्र राहून राहून वाटायचं, आमच्या घरातला माणूस कधी उठतो, कधी बसतो, हे पुण्यात मुलाला कळतं ते ठीक. आणखी कुणाकुणाला कळत असेल?

एका दुपारी मी लवकर घरी आले, तर बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून थिजल्यासारखे बसले होते. ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा, मागून हॉर्नवर हॉर्न.

“इथं उजवीकडं रस्ता व्हता,” ते म्हणाले.

पडद्यावर उजवीकडे एक मोठी भिंत आणि पलीकडे झाडं होती.

“दुसऱ्या गावात असेल, बाबा.”

“न्हाय. ह्याच गावात. पंपाच्या पुढं उजवीकडं. रोज जातो मी.”

दुसऱ्या दिवशी त्यांना पंपही सापडला नाही. तिसऱ्या दिवशी ते पूल शोधत होते. त्याच आठवड्यात त्यांनी चहाचं आधण गॅसवर ठेवलं आणि विसरले; भांडं जळालं. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी गॅस बंद आहे का ते जाऊन बघितलं. मग म्हणाला, “आज्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी रस्ते विसरला.”

त्या वाक्याने मला घाबरवलं. आणि घाबरून मी जे टेबलावर करते तेच घरी करायला लागले, तपासायला लागले. काल भाजी कोणती होती, ते बोलता बोलता विचारायचं. चष्मा एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवायचा आणि ते किती वेळ शोधतात ते स्वयंपाकघरातून बघायचं. एकदा मुद्दाम चुकीचा वार सांगितला. त्यांनी वार दुरुस्त केला, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, “सूनबाय, काय तपासतेस?”

मी काहीतरी हसून सांगितलं. त्यानंतर त्यांनी खेळणं कमी केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने काहीतरी काढत बसायचे; मी जवळ गेले की कागद उलटा करायचे. त्यांचा माझ्यावर संशय होता आणि माझा त्यांच्यावर, आणि दोघांचं जेवण एकाच ताटाळ्यातून काढलेल्या ताटांत शेजारी शेजारी चालायचं.

शेवटी आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. बाबांनी वजाबाकी झरझर केली. तीन शब्दांतला एक राहिला. डॉक्टर म्हणाले, “वयाच्या मानाने ठीक आहेत. पण रस्ते चुकतात म्हणता, तर एकदा मेंदूची तपासणी करून घेऊ.” त्यांनी चिठ्ठी दिली. ‘रस्ते चुकतात’ हे मी सांगितलं होतं, बाबांसमोर. घरी येताना रिक्षात ते बाहेर बघत राहिले. इंदूरची लाइन तीस वर्षं एकदाही न चुकलेला माणूस.

दोन दिवसांनी मी फोनमधली जागा रिकामी करत होते. जुने व्हिडिओ पुसताना एक हाती लागला. बाबा नवे नवे शिकले तेव्हा दिराला पाठवायला मीच काढलेला. बाबा गुणगुणत चालवतायत. पडद्यावर पंप येतो, मागे पडतो, आणि बाबा इंडिकेटर देऊन उजवीकडे वळतात. रुंद, सरळ रस्ता. पुढे पूल.

मी तो पाच-सहा वेळा बघितला. मग कॉम्प्युटर लावला आणि बाबा ज्याच्यावर पेन्सिलीने काढत बसायचे तो कॅलेंडरचा कागद, न विचारता, उचलून आणला. त्यांनी सगळा गाव काढला होता. पंप, वळण, पूल, गोदामांची रांग. व्हिडिओशी तंतोतंत जुळत होता. पडद्यावरच्या आजच्या गावाशी अजिबात नाही.

दिराला फोन केला. तो दोन मिनिटं शोधून म्हणाला, “हो गं वहिनी. मागच्या अपडेटमध्ये त्यांनी ते शहर नव्याने बांधलंय. यादीत लिहिलंय, अगदी खाली.”

“आपल्याला विचारलं कुणी?”

“अपडेट आपोआप होतं. तसं मीच लावून दिलं होतं, तुम्हाला त्रास नको म्हणून.”

मी फोन ठेवला. बाबा कॉटवर पडून होते. त्यांच्यासमोर तो व्हिडिओ धरला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला. मला वाटलं होतं ते रागावतील, निदान ‘बघ, मी सांगत व्हतो’ म्हणतील.

“म्हंजे रस्ता व्हता,” एवढंच म्हणाले.

“होता बाबा. त्यांनी काढून टाकला.”

“सांगितलं का न्हाय?”

“सांगितलं होतं. इंग्रजीत, यादीत, खाली.”

ते उठून बसले. “शेलारात काय रस्ते बदलले न्हाईत? आमच्या शेतातनं रस्ता गेला. पन तितं आधी मोजणीवाला येतो, खुंट्या ठोकतो, मग खोदतात, धूळ उडते. मानसाला कळतं तरी. हे कसलं, झोपून उठलो आनि रस्ता गायब.” मग थोडं थांबून, “आनि तुमी लगेच मला डॉक्टरकडं नेलात.”

परक्या दुकानाने आमच्या घरात येऊन काही हलवलं असेल, ही शंका मला आलीच नाही. रोज खोकी उघडून बघणाऱ्या मला. मी आधी घरच्याच माणसाला उघडून बघितलं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण त्या दिवशी ते नवऱ्याशी बोलले, माझ्याशी नाही.

पुढच्या रविवारी दीर आला. जुनं शहर परत मिळेल का, हे त्याने शोधून काढलं होतं. दुकानात एका आडबाजूच्या यादीत गेमची आधीची आवृत्ती ठेवलेली होती. त्याने ती उतरवली. बाबा पंपापर्यंत गेले, उजवीकडे वळले, पुलावरून गेले आणि पलीकडे गाडी उभी करून स्वस्थ बसले. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या.

पण त्यात दोन गोष्टी निघाल्या. नव्या आवृत्तीत बाबांनी गेल्या काही आठवड्यांत केलेल्या फेऱ्या जुनीत चालत नव्हत्या. आणि दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या तर दीर पुण्याहून त्यांच्यासोबत ट्रक चालवू शकत नव्हता.

“मग तूही जुनी घे,” मी म्हणाले.

“घेतो. पण जुनी ते किती दिवस ठेवतील, सांगता येत नाही.”

बाबांनी आमचं ऐकून घेतलं. “म्हंजे रस्ता पायजे तर पोरगा न्हाय, पोरगा पायजे तर रस्ता न्हाय, आनि दोन्ही पायजे तर त्यांची मर्जी,” ते म्हणाले. मग स्टिअरिंगवरून हात काढले. “नवं लाव. तू पुढं चाल. मी मागनं येतो, रस्ता बघतो.”

तपासणीच्या चिठ्ठीबद्दल मी पुन्हा काही बोलले नाही. बाबांनीच ती एका सकाळी खिशात घातली आणि नवऱ्याला म्हणाले, चल, जाऊन येऊ. “तुमच्या डोक्यातनं निघंल,” म्हणाले. रिपोर्टमध्ये काळजी करण्यासारखं काही निघालं नाही. नवऱ्याला हुश्श झालं. मलाही झालं, पण आधणाचं भांडं का जळालं, हा प्रश्न कधी कधी मनात येतोच, आणि आला की मी तो मनातच ठेवते.

आता आपोआप होणारं अपडेट मी बंद करून टाकलंय. दुकान आधी विचारतं. मग मी बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि काय काय बदललंय त्याची यादी मराठीत सांगते. मागच्या महिन्यात अशीच एक यादी आली. अमुक ट्रकचे दिवे, तमुक बोगद्यातला अंधार, पावसाचा आवाज. शेवटचं वाक्य होतं, ‘इतर किरकोळ सुधारणा’.

“किरकोळ म्हंजे काय?” बाबांनी विचारलं.

“ते लिहिलेलं नाही.”

“विचार त्यांना.”

विचारायला खिडकी होती. तिथे लिहिलं की आपोआप उत्तर येतं: तुमचा प्रश्न मिळाला. मी लिहिलं. तसं उत्तर आलं, दुसरं काही आलं नाही. अपडेट केल्याशिवाय गेम उघडेना. बाबांनी दोन दिवस पेडलना पाय लावला नाही. पुण्याहून फोन आला, हिरवा ठिपका दिसत नाही म्हणून. त्याला सांगितलं, बाबा बरे आहेत, किरकोळवर अडलेत.

तिसऱ्या दिवशी आंघोळ करून ते टेबलाशी आले, आरसा नीट करावा तसा चष्मा नीट केला आणि म्हणाले, “दाब.”

मी दाबलं. निळी पट्टी हळूहळू भरत गेली. बाबा पुढे वाकून ती बघत होते आणि मीही बघत होते. नक्की काय आत येतंय आणि काय बाहेर जातंय, ते दोघांनाही दिसत नव्हतं.