कावळा उजवा कान पुढे करतो तेव्हा

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आत्मा, पिंड, कावळा... सगळं नॉन्सेन्स वाटायचं. अजूनही वाटतं — एक दुपार सोडून.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना, कोराडी वीज केंद्राची कॉलनी. आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर आजोबांचं, म्हणजे आबाजींचं तेरावं. कठड्यावर त्यांचं पान वाढलेलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि कावळा विजेच्या तारेवरून नुसता बघत होता.

मी त्याच्याकडे बघत नव्हते. कारण होतं. बारावीचा मॅथ्सचा पेपर मी कोरा दिला होता. कित्येक महिने धड झोप नव्हती, उगाच रडू यायचं. आईचं निदान — ऊन लागलं. तिने उशाखाली कांदा ठेवला. मग रडू आणखीच यायचं.

फक्त आबाजींनी विचारलं होतं, "काहून वं, महिना झाला, सीईटीच्या पुस्तकाच्या एकाच पानावर बसून राहिली?" त्यांना मी सगळं सांगितलं. "बापाले सांग. नाही तर मी सांगतो," ते म्हणाले... आणि तिसऱ्या दिवशी गेले. रडायच्या आधी माझ्या मनात आलं होतं — सुटले मी!

"आबाजी, मी तंबाखू सोडतो!" मोठे काका कावळ्याला म्हणाले.

कावळा ढिम्म.

"त्यांले माहीत आहे तू सोडत नाही," आत्या म्हणाली. "वडे थंडे होऊन राहिले."

मग बाबांनी हात जोडले. "आबाजी, पोरीले इंजिनिअर करतो. काळजी नका करू."

कावळा उठला आणि आणखी लांबच्या तारेवर जाऊन बसला.

मी उठले. कठड्याशी जाऊन पुटपुटले, "सांगते, आबाजी."

तो जवळ आला आणि मान वळवून उजवी बाजू पुढे केली. आबाजींना डाव्या कानाने ऐकू येत नसे. "मोठ्यानं बोल वं," म्हणत ते अगदी असंच करायचे.

मग मोठ्यानंच बोलले. "बाबा, मी मॅथ्सचा पेपर कोरा दिला. मला इंजिनिअर नाही व्हायचं. मला काहीच नको वाटतं... जगणंसुद्धा."

कावळ्याने वडा उचलला आणि गेला.

पानावर कुणीच बसेना. बाबा तापलेल्या गच्चीवर माझ्याशेजारी टेकले. माझं पान जवळ ओढलं. मग म्हणाले, "आधी जेव. उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो संगं."

सगळे एकदम गप्प झाले म्हणून कावळ्याची भीड चेपली असेल, असं मी स्वतःला सांगते. पण उजवाच कान का? आणि कावळ्याला कान असतो तरी कुठे?

मोठ्या काकांनी त्याच दिवशी तंबाखू सोडली. विचारलं तर तारेकडे बघत हळूच म्हणतात, "ऐकून राहिले ना ते."