ताटलीतलं घड्याळ

रात्रभर झोप नाही. काल रविवारी आम्ही खमरियाच्या त्या छोट्या म्युझियममधे गेलो होतो... तिथं माझ्या दादाचं घड्याळ ठेवलेलं दिसलं. तेव्हापासून त्याला फोन लावून राहिली, तो उचलत नाही.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. शाळा आठवीतच सुटली. जसं सुचून राहिलं तसं लिहिते, समजून घ्या.

म्युझियम म्हणजे काय, जुन्या क्वार्टरच्या दोन खोल्या. इथल्या बारुदीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले अंकल लोक मिळून चालवतात, पगार-बिगार कोणाला नाही. लढाईच्या टायमाच्या वस्तू आहेत... खिडक्यांना लावायचा काळा कागद, हातानं फिरवायचा भोंगा, वर्कर लोकांचे डबे. सगळं घराघरातून मागून आणलेलं.

आमचे हे म्हणाले, चलो, परीला दाखवू तिचे आजोबा कुठं काम करायचे. परी आमची पोरगी, पाच वर्षांची. भोंगा हाती आला तर सोडेचना. हे म्हणाले, "बस कर माय, लढाई संपली केव्हाची!" सगळे हसले, मीपण हसली.

मग काचेच्या पेटीत आमच्या घरची ताटली दिसली.

पितळेची, एका बाजूनं चेपलेली. बाबा बारुदीच्या सेक्शनमधे होते. तिथं आत काडेपेटी, घड्याळ, अंगठी काहीच न्यायचं नाही, म्हणून निघतानी ते सगळं त्या ताटलीत काढून ठेवायचे. अन् दादा दारात आडवा उभा राहायचा, गेटवाल्यासारखा. "चलो, जेब दिखाओ!" बाबा हात वर करायचे, "जाऊ द्या ना साहेब, बस सुटून राहिली..." दादा खिसे उलटे करूनच सोडायचा.

कारगिलच्या वेळेस मी आईच्या कडेवर होती. आई सांगायची, तेव्हा बाबा डबल ड्यूटी करायचे, घरी फक्त झोपायला यायचे. टेस्टिंगचा धमाका ऐकू आला की आई आधी ताटलीकडे पाहायची. ताटली भरलेली म्हणजे बाबा आत. रिकामी झाली म्हणजे घरी.

दादा तिला कोणाला हात लावू द्यायचा नाही. बाबा येऊन स्वतः घड्याळ बांधेपर्यंत जेवायचासुद्धा नाही.

आता बाबा नाहीत. आई यंदा गेली, तेव्हापासून ताटली दादाजवळच होती. दादा मदन महलकडे खोली घेऊन एकटाच राहतो. पहिले रोज संध्याकाळी यायचा, मग रविवारी, मग तेही नाही... काहून येत नाहीस विचारलं तर म्हणे, "येतो ना, तू काहून टेन्शन घेते?"

तर त्या ताटलीत बाबांची अंगठी होती, जुनं घड्याळ, काडेपेटी. मी पाहतच राहिली. इतकं बरं वाटलं... जसे बाबा ड्यूटीवरच आहेत, संध्याकाळी येतील.

तेवढ्यात परी काचेला नाक लावून म्हणाली, "मम्मी, मामाची घडी!"

बाजूला दुसरं घड्याळ होतं. दादाचंच. पट्ट्यावर परीनं चिकटवलेली चांदणी तशीच... काटा चालून राहिला होता.

तिथं बसलेले अंकल बाबांच्याच सेक्शनचे. मी विचारलं तर म्हणाले, "अरे बिटिया, इसी हफ्ते तेरा भाई सब दे गया. मैंने कहा, बेटा, ये घड़ी तो चालू है, इसे क्यों? हँस दिया. बोला, अंकल, अब टाइम देखके क्या करना है."

मी परीला कडेवर उचललं.

तसेच त्याच्या खोलीवर गेलो. कुलूप. घरमालक म्हणे, सकाळीच निघाला, कुठं ते बोलला नाही. हे आता ठाण्यात गेलेत. फोन वाजतो, मग कटतो... वाजतो म्हणजे कुठंतरी चार्ज करून राहिला ना? मी तेवढ्यावरच बसली आहे.

आमचा नंबर पाहून उचलत नसेल. तुमचा उचलेल. जे त्याच्यासोबत शाळेत होते, खमरियाच्या ग्राउंडवर खेळले, ते लावा. नंबर नसेल तर मला मेसेज करा, देते.

त्याला रागवू नका. काही विचारूही नका. फक्त सांगा, बाबा ताटलीत ठेवलेलं रोज परत येऊन घ्यायचे. अंकल तर म्हणाले, बिटिया, घेऊन जा. मी नाही घेतलं, अन् कोणाला हातही लावू दिला नाही. पेटीची चाबी त्यांच्याजवळ आहे, केव्हाही उघडून देतील.

अन् हेही सांगा की तो येऊन घड्याळ बांधेपर्यंत त्याची बहीण जेवायची थांबली आहे.

वाचून पुढे जाऊ नका जी... आधी माझ्या दादाला एक फोन करा.