मिस्तरींनी शिकवलेली गावं

पाटोद्याकडून आलं की आमच्या चिंचटेक फाट्यावर रस्ता फुटतो. डावीकडचा घाट उतरून कडा गावाला जातो, उजवीकडचा पठारावरून वळसा घालून तिथंच जातो. घाटाचा जवळचा, पण अवघड. पठाराचा लांबचा, पण सपाट. या दोन रस्त्यांच्या बेचक्यात जलालुद्दीन मिस्तरींचं पंक्चरचं दुकान. कुणी कोणत्या रस्त्यानं जावं, हे एकोणचाळीस वर्षं या एका माणसानं सांगितलं.

सांगताना ते गाडीकडं बघायचेसुद्धा नाहीत. तोंडात सुपारी, नजर पाण्यातल्या ट्यूबवर, आणि इंजिनाचा आवाज ऐकून म्हणायचे, "उसाचा ट्रॅक्टर हाय ना बे? दोन ट्राल्या? मंग पठारानं जा. घाटात तोंड वर करंल त्ये." पुढच्याला, "जीप का? मानसं किती? चौदा? जा घाटानं, पन तिसऱ्या वळनाला अर्धी उतरव." एखाद्याला विचारायच्या आधीच, "घाटात आताच नऊ गाड्या घातल्यात मी. तू दहावा. पठारानं गेलास तर त्यांच्या आधी पोचशील." आणि तो खरंच आधी पोचायचा.

दुकानामागंच घर. दारातल्या बाजेवर जैनबबी चाची अडकित्ता घेऊन बसलेली असायची. जेवण गार झालं की तिथूनच म्हणायची, "साऱ्या दुनियाकू रस्ता बतातेत. इनकू चूल का रस्ता कौन बतायेगा?"

चार वर्षांपूर्वी होळीच्या आधी फाट्यावर एक तंबू पडला. संभाजीनगरहून तेजश्री नावाची इंजिनेर मुलगी आली, सोबत केशरी जाकिटं घातलेली सहा माणसं. सात दिवस गाड्या मोजायच्या आणि प्रत्येक गाडी थांबवून विचारायचं, कुठून आलात, कुठं निघालात. त्यावरून ठरणार होतं की फाट्यावरचा रस्ता रुंद करायचा, का गावाला बगल देऊन तीन किलोमीटरवरून नवा काढायचा. रुंद झाला असता तर मिस्तरींचं दुकान दहा हात मागं सरकलं असतं, एवढंच. बगल दिली असती तर दुकान होतं तिथंच राहिलं असतं, फक्त समोरून कुणी गेलं नसतं.

पंक्चर काढायला आलेल्या तेजश्रीला मिस्तरींनी विचारलं, "पर बेटी, गाड्या मोजून रस्ता कसा कळतो?"

"चाचा, आम्ही कॉम्प्युटरमध्ये सगळ्या रस्त्यांचं जाळं मांडतो. कोण कुठून कुठं जातंय ते त्यात घालतो. प्रत्येक गाडी कमी वेळाचा रस्ता धरते असं मानायचं. सगळ्या एकाच रस्त्याला लागल्या की तो तुंबतो, वेळ वाढतो, मग काही दुसरीकडं वळतात. असं करत करत अशी वेळ येते की रस्ता बदलून कुणाचाच फायदा नसतो. तिथं गणित थांबतं."

मिस्तरींनी ट्यूब पिळून काढली. "तिथं थांबतं व्हय. मी तर तिथंच दुकान टाकलंय."

त्याच दुपारी सरपंच उत्तरेश्वर आबा दुकानात आले. आबा दर वाक्याला एक गाठ मारतात. "मिस्तरी, म्हंजे कसंय, आकडा दिसला पायजे. आकडा दिसला की, म्हंजे कसंय, वर वजन पडतं, आन रस्ता हितंच रुंद हुतो."

आकडा दिसायला लागला. गावातल्या धुळाजीचा ट्रॅक्टर एकच रेडकू घेऊन दिवसात अकरा वेळा गेला. अकराव्या वेळी रेडकू आपण होऊनच ट्रॉलीत चढलं, असं लोक सांगतात. पण गाडी थांबवल्यावर सांगायचं काय, हे आबांना सुचलं नव्हतं. ते मिस्तरींना सुचलं.

त्यांनी सगळ्या ड्रायवरांना दुकानामागं उभं केलं. "वाडीवरून वस्तीवर चाललो, असं कुनी सांगायचं न्हाई. वस्तीसाठी कोन रस्ता करतंय? लांबची गावं सांगा. धर्मापुरीहून कड्याला. परळीहून नगरला. मधी काय काय लागतं विचारलं तर ह्ये घ्या." आणि वाटेतली गावं त्यांनी पोरांच्या पाढ्यासारखी घोकून घेतली.

दूधवाल्या बजरंगला जाकिटवाल्यानं मोटारसायकलवर दोन किटल्यांसह अडवलं, तेव्हा त्यानं बिनदिक्कत सांगितलं, "धर्मापुरीहून आलो."

"दूध घेऊन? एवढ्या लांबून?"

"हौ."

"नासलं नाही?"

"हळू आलो."

सातव्या दिवशी तेजश्री वही मिटून मिस्तरींसमोर बसली. "चाचा, ही माणसं खरं सांगतायत ना? तुम्ही म्हणाल तसं मी धरते."

मिस्तरी ट्यूबवर कानस घासत होते. घासायचं थांबवलं नाही. "आमच्याकडचे ड्रायवर झूट न्हाई बोलत, बेटी."

आठ महिन्यांनी ती एकटीच आली. सरपंचांकडं गेली नाही, थेट दुकानात आली आणि बाजेवर नकाशा पसरला. आमच्या फाट्याला बाहेरून वळसा घालणारी एक लाल रेघ होती.

"शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर गाड्यांचं फाट्यावर कामच नाही, चाचा. लांबून येतात, लांब जातात. बाहेरून रस्ता दिला की त्यांची अकरा मिनिटं वाचतात. त्या सगळ्या तिकडं वळणार."

"आन जवळचेच असते तर?"

"वाडीवरून वस्तीवर जाणाऱ्याला बाहेरच्या रस्त्याचा काय उपयोग? मग हाच रुंद केला असता."

चाचीचा अडकित्ता थांबला. मिस्तरी लाल रेघेवर बोट फिरवत राहिले, कड्यापर्यंत गेले आणि परत आले.

"झूट होतं, बेटी. मीच शिकवलं. गावंसुद्धा मीच दिली."

तेजश्रीनं नकाशाची घडी घातली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

तिनं तसं वर लिहून दिलं. पण तोवर जमिनीची मोजणी होऊन खुणेचे दगड रोवले गेले होते. ती गेल्यावर चाची एवढंच म्हणाली, "मेरेकू पूछते तो मैं सच्चीच बोली होती. बाजेपो बैठ के सब दिखता."

नवा रस्ता वर्षात झाला. खऱ्या लांबच्या गाड्या पहिल्याच दिवशी तिकडं वळल्या. पाठोपाठ एसटी गेली. वाडी-वस्तीची माणसं राहिली होती, पण जुन्या रस्त्यावर मग कुणी डांबर टाकलं नाही. एका पावसाळ्यात घाटातली दोन वळणं खचली, पठारावर गुडघाभर खड्डे पडले. वाडीवालेही शेतातून आडवे जाऊन नव्या रस्त्याला लागायला लागले. फाट्यावर चार-चार तास चाक फिरेनासं झालं. मिस्तरी लांबचा आवाज आला की मान वर करायचे. आवाज तिकडचा असायचा.

एकटा शहादेव तेवढा येत राहिला. त्याची जीप पाटोदा-कडा चालायची. दर दोन दिवसांनी खड्ड्यांतून आदळत तो मिस्तरींकडं हवा भरायला यायचा. मागं बसलेले शिव्या द्यायचे, त्याला फरक पडायचा नाही.

गेल्या फेब्रुवारीत तो असाच सकाळी आला. जीपमध्ये स्वप्नाली नावाची मुलगी होती, बारावीचा पेपर, सेंटर कड्याला. ती मांडीवरच्या पॅडवर बोटं वाजवत हळूच आईला विचारत होती, "पोचू ना गं?"

मिस्तरींनी उठून चारी टायरांवर पाना वाजवला. "हवा बरोबर हाय. कावून आलास बे हिकडून?"

"चा घ्यावा म्हनलं तुमच्यासंगं."

"गाडी वळव. मागं जाऊन नव्या रस्त्याला लाग. अजून बी टायमात पोचशील."

"बरं. येताना येतो मंग."

"येताना बी तिकडूनच ये. उद्या बी. परवा बी."

शहादेवनं स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. "मिस्तरी, मीबी बंद झालो तर हितं कोन येनार?"

"कुनी न्हाई. हा रस्ता आता कुनाच्याच कामाचा न्हाई. तुला मी नीट रस्ता सांगायलोय, जा."

जीप वळली. धूळ खाली बसल्यावर बऱ्याच वेळानं लांबून ती नव्या रस्त्याला लागल्याचा आवाज आला. सपाट, एकसारखा.

मिस्तरी आत गेले आणि हवा भरायच्या कॉम्प्रेसरचा खालचा नळ उघडला. भरलेली टाकी रिकामी व्हायला लई वेळ लागतो, आणि नळ उघडा राहिला की ती परत भरत नाही. ते शेजारी उभे राहिले. हवा संपल्यावर नळ बंद करायलाही त्यांनी हात लावला नाही.