रुमालाखालचा व्हिडिओ गेम

अनू, अशी जवळ सरक बघू. (तू पुण्यात बसलीयस हे ठाऊक आहे मला. तरी सरक. कागदावरसुद्धा लांबच्या माणसाशी मला बोलता येत नाय.) तीन आठवडे झाले, फोन उचलला की तुझं एकच. आज्जी, नवा गेम निघणारे, लई महाग आहे, पण त्यात हे आहे, त्यात ते आहे, जुना स्वस्तात घेऊ का नव्याची वाट बघू. अजून निघालासुद्धा नाय त्या यंत्रापायी तुला तीन आठवडे सापडले, आणि जित्या आजीसाठी एक रविवार सापडंना? शोभतं का हे?

तरी विचारलंस म्हणून सांगते. व्हिडिओ गेम पारखायची अक्कल मला मेंढरांनी दिली.

आमचं माहेर चितेगावच्या अंगाला. माझे वडील, आबा, मेंढरांचा व्यापार करायचे. तुझ्या आजोबांना चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली तसे आम्ही शहरात आलो, पण डोळा काय बदलत नाय. मी भाजी घेतानासुद्धा आधी मागचे पाय बघते. अशात तुझी आई, आमची सुनिता, सातवीला वर्गात पहिली आली. मला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की नळावर सगळ्या बायकांच्या देखत बोलून बसले, "माझ्या पोरीला मी व्हिडिओ गेम घेणार!" व्हिडिओ गेम म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं. पोरगी मागत होती एवढंच.

आजोबांच्या कारखान्यात बोनस झाला होता. शहागंजात रफीकभाईचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं, तिथं मी सुनिताला घेऊन गेले. रफीकभाईनं दोन माल सांगितले. एक समोर ठेवलेला, नऊशेचा, खेळायची एक दांडी, चार खेळ. दुसरा अजून यायचा होता, त्याचा नुसता रंगीत कागद. तेराशेचा. दोन दांड्या, एक बंदूक, आणि पोटात चौसष्ट खेळ.

मी तिथंच हिशेब मांडला. चार खेळाला नऊशे, चौसष्टाला तेराशे. चारशे जास्ती टाकले की साठ डोकी वाढत होती. एवढा स्वस्त कळप आबांनीसुद्धा कधी घेतला नव्हता. मी शंभर रुपये इसार ठेवून मोकळी झाले.

घरी आजोबा म्हणाले, "अगं, न बघितलेल्या जनावराचा इसार कुणी देतं का?"

"चित्र बघितलं की."

"चित्रात मेंढी बघून घेतली असती का तुझ्या बानं?"

"त्या वक्ताला रंगीत चित्रं कुठं होती?" मी म्हणाले. मला ते माझं शहाणपण वाटलं.

माल पंधरा दिवसांत येणार होता. पण ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून शहर तापलेलं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा शहागंजातली दुकानं अर्धं शटर ओढून. पंधराचे तीस झाले, तिसाचे साठ. गल्लीतली पोरं सुनिताला रोज विचारायची, "आला का गं?" आठवडाभर ती "येणारे" म्हणाली. मग बाहेर खेळायलाच जाईना. शाळेतून आली की दारामागं पुस्तक घेऊन बसायची. एकदा मला म्हणाली, "आई, तू नुसती बोलली होतीस का?"

शेजारची सुमनबाई प्रत्येक मोर्चाला जायची, आणि जाताना पोराला माझ्याकडं सोडायची. तिच्यापाशी मी रडगाणं लावलं. ती पदर खोचत म्हणाली, "तुझा खेळ दोन महिने झाले आला नाय म्हणून एवढी कावलीस व्हय? आम्ही एका नावासाठी किती वर्षं चालतोय बघ. चल, पोराला भाकर दे, मी येते." मी गप भाकर दिली.

अखेर निरोप आला. माल आला होता. उरलेले बाराशे आणि अडीअडचणीला वर शंभर, असे तेराशे पोलक्यात घालून मी सुनिताबरोबर निघाले. अडचण यायची होतीच, पण ती मी स्वतः करणार होते.

रफीकभाईनं खोकं फोडलं, टीव्हीला वायर जोडली आणि म्हणाला, "लो ताई, ले जाव."

मी म्हणाले, "मोजून दाखवा."

"क्या मोजून?"

"चौसष्ट. कळप न मोजता घेऊन जाऊ व्हय?"

रफीकभाईनं माझ्याकडं बघितलं, मग सुनिताकडं बघितलं. सुनितानं मान खाली घातली. मी स्टुलावर मांडी घातली (पाय लोंबकळत ठेवून मला मोजता येत नाय) आणि एकेक खेळ लावायला सांगितला. पहिला रणगाड्याचा. दुसरा मोटारीचा. तिसरा बदकं मारायचा. असं करत अकरा झाले. बाराव्याला मी हात वर केला.

"थांबा. हा रणगाडा मघाशी येऊन गेला."

"नै ताई, वो हरा था. ये लाल है."

"रंग लावला म्हणून मेंढी बदलत नसती, रफीकभाई. चाल तीच आहे. डावीकडं वळताना तसाच अडखळतो बघा."

पुढं सगळं तेच. निळी बदकं, पिवळी बदकं. मोटार तीच, रस्ता तेवढा रात्रीचा. दुकानात माणसं जमली. एकविसाव्याला एक हमाल ओरडला, "ये तो पैले आया था!" त्याला माझ्याआधी ओळखू आलं ह्याचं मला जरा वाईट वाटलं. चौसष्ट संपले तेव्हा मी जाहीर केलं, "अकरा डोकी. बाकीची तीच तीच पुढून गेलीत."

रफीकभाई घाम पुसत म्हणाला, "ताई, कंपनीवाले ऐसाच लिखते. मैं कायकू गिनने बैठतूं? अच्छा बोलो, क्या देते?"

इथं मी गप "हजार" म्हणायला पाहिजे होतं. माणूस खाली उतरायला तयार होता, सगळं दुकान माझ्या बाजूनं होतं. पण मला चढली होती. मी म्हणाले, "असं तोंडानं नाय. आमच्यात भाव रुमालाखाली होतो."

तुला ठाऊक नसंल. जनावरांच्या बाजारात घेणारा आणि विकणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. भोवतीच्यांना कळत नाय. आणि रुमाल एकदा काढला की भाव पक्का; पुन्हा बोलायचं नाय, बाहेर कुणाला सांगायचंही नाय. मला वाटलं, टीव्हीवाला बावचळंल. तर तो खुलला. "अरे वा! मेरे मामू बकरे बेचते!" असं म्हणून त्यानं टीव्हीवरचंच फडकं ओढलं आणि हात पुढं केला.

आता एक गोष्ट कबूल करते. आबांच्या बाजूला उभी राहून मी शेकडो रुमाल बघितले होते. पण बाहेरून. बायकांचा हात आत जात नसे, तेव्हा आत काय चालतं ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. एक बोट म्हणजे शंभर, एवढंच ऐकलं होतं. म्हटलं, एवढं पुरे.

फडक्याखाली त्यानं माझा पंजा दोनदा दाबला. मी समजले, नमस्कार करतोय. मीही दोनदा दाबला. मग मी त्याची चार बोटं घट्ट धरली. म्हणजे तेराशातनं चारशे कमी, नऊशे.

रफीकभाईचं तोंड उघडंच राहिलं. "ताई, सोच लो."

"सोचलं."

"मैं बोल्या ठीक से सोच लो करके."

"आमच्यात जबान फिरवत नसतात," मी म्हणाले आणि फडकं ओढून काढलं.

तो माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "दो बार पंजा, हजार. उपर चार उंगली. चौदासौ. मैं तो तेरासौ बोल्या था, ताई."

अनू, जमलेली माणसं "वा बाई, वा" करत होती. त्यांच्या लेखी मी दुकानदाराला लोळवला होता. आता काय म्हणू, की मला रुमाल येत नाय? रफीकभाई कुजबुजला, "रैने दो, हजार दे देव." पण आबांची लेक ती. मी तेराशे काढून ठेवले. इसाराचे शंभर धरून बरोब्बर चौदाशे झाले, आणि पोलकं रिकामं.

खोकं उचलून दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. सुनितानं विचारलं, "आई, बसला पैसे?" रफीकभाई पुढं आला आणि तिच्या हातावर दोघींचं बसभाडं ठेवलं. त्या सगळ्या व्यवहारात मला तेवढीच सूट मिळाली.

बसमध्ये सुनिता खोकं मांडीवर घेऊन बसली होती. अर्ध्या वाटेत ती हसायला लागली, थांबायलाच तयार नाय. दोन महिन्यांनी पोरगी हसली. मग मलाही चौदाशे महाग वाटले नाय. (तेराशेपर्यंत नाय वाटले. वरचे शंभर वाटले.) संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या घरात, सुमनबाईचा पोरगा पहिल्या दांडीवर, आणि सुनिता सगळ्यांना सांगतेय, "ढकलू नका, नंबर लावा."

आजोबांनी विचारलं, "कितीला तोडला?"

मी म्हणाले, "रुमालातला भाव सांगत नसतात."

त्यांनी त्यातनं काय समजायचं ते समजून घेतलं. आज एवढी वर्षं झाली, पाहुणा आला की सांगतात, "आमच्या हिनं शहागंजात भर दुकानात मोजून मोजून भाव पाडला, हजाराच्या आत." आकडा दरवर्षी खाली येतोय. परवा सातशेवर आला. तुझी आई समोर बसून चहा पीत होती, तिनं हूं की चूं केलं नाय.

तर बाई, नवा घे नायतर जुना घे, पण जे घेशील ते तोंडानं बोलून घे. आणि लवकर ये. हे सगळं मी लिहून तर बसलेय, आणि आजोबांचा चष्मा दुरुस्तीला गेलाय तो गुरुवारी मिळणारे. मग हा कागद ते वाचणारच. त्याच्या आत ये. माझ्या बाजूनं बोलायला घरात कुणीतरी असू दे.