रुमालाचं साम्राज्य

माझ्या सासऱ्यांनी साताऱ्याच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. निवृत्त झाले, पण इंग्रजांवरचा त्यांचा राग पेन्शनसारखा नियमित चालू राहिला. चहा पितानासुद्धा ते एकदा इंग्रजांना नावं ठेवतात आणि मगच फुर्रकन घोट घेतात.

गेल्या वर्षी त्यांना बाथरूममध्ये चक्कर आली आणि शेजाऱ्यांनी दार तोडून त्यांना बाहेर काढलं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, घरात ते एकटेच. मग नवऱ्याने त्यांना सिंगापूरला, आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये आणलं. "चार दिवस हवापालट होईल," असं सांगून. आमच्या मनात मात्र त्यांनी आता इथेच राहावं असं होतं. त्यांना परत त्या घरात एकटं सोडायला आमची कुणाचीच तयारी नव्हती.

पण हे त्यांच्याशी बोलणार कोण? नवरा म्हणाला, तू बोल, तुझं ऐकतात. मी म्हटलं, वडील तुझे, तू बोल. पुण्याला नणंदेला फोन लावला तर ती म्हणाली, "एवढ्यात विषय काढू नका, बिचकतील ते." झालं. आम्ही विषय न काढताच तयारीला लागलो. मी एक कपाट रिकामं करून दिलं, म्हणजे नुसतं केलं. नवऱ्याने एके सकाळी त्यांना पांढऱ्या भिंतीला टेकवून फोटो काढला. का, तर "असाच, आठवण म्हणून." इथे राहायच्या परवान्याला, लाँग टर्म पासला, लागतो तसला फोटो, कान दिसणारा आणि न हसणारा. असली आठवण कोण काढतं, देव जाणे.

त्यातच लेकीला शाळेतून प्रोजेक्ट आला, इंग्रजांनी जग कसं बदललं. ती आजोबांकडे गेली आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, असे खुलले की विचारू नका.

"हे बघ," त्यांनी सुरुवात केली. "आधी एक बोट येते. बोटीतून एक साहेब उतरतो. वाळूत काठी रोवतो, काठीला फडकं बांधतो आणि म्हणतो, हे आमचं. अमेरिकेत तेच, ऑस्ट्रेलियात तेच, इथेही तेच. वर त्या जागांना आपल्याच गावांची नावं, पुढे एक 'न्यू' चिकटवून. पश्चिमेचा निम्मा इतिहास म्हणजे एवढाच उद्योग."

"पण तिथे पीपल नव्हते?"

"होते की. जेवत होते बिचारे."

लेकीच्या पुस्तकात नदीकाठच्या पांढऱ्या पुतळ्याचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की या साहेबाने हे शहर स्थापन केलं. बाबा खवळलेच. म्हणाले, हे म्हणजे कुणी आपल्या घरी येऊन, मी हा सोफा शोधून काढला, असं म्हणण्यापैकी आहे. तोही आपण सोफ्यावर बसलेलो असताना.

त्या रविवारी आम्ही हौगांगला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवायला गेलो. तुडुंब गर्दी. एक टेबल तेवढं रिकामं, आणि त्यावर टिश्यूचं एक पाकीट. बाबा जाऊन बसले, पाकीट फोडलं, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "टिश्यू फुकट ठेवतात. काही म्हण, देश सुधारलेला आहे."

एक चिनी आँटी नूडल्सचा ट्रे घेऊन आली. "अंकल, माय टेबल. चोप ऑलरेडी."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी बाबांना समजावलं की इथे असं पाकीट ठेवलं की ती जागा धरली जाते, त्याला चोप करणं म्हणतात, आणि तुम्ही त्या बाईंच्या जागेवर बसून त्यांच्याच टिश्यूने घाम पुसताय. बाबांनी हातातल्या टिश्यूकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे रुमाल टाकणं," ते म्हणाले.

तरुणपणी एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून नेमका सीटवर रुमाल टाकण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सासूबाई सांगायच्या. पण इतिहासाचा मास्तर गप्प बसतोय थोडाच. आँटीकडे वळून ते त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, दिस इज हाउ दे टुक द होल वर्ल्ड." आँटीला त्यातलं किती कळलं कोण जाणे. "सिट लाह, शेअर," म्हणाली आणि सरकून बसली. बाबांनी तिचा टिश्यू वापरत वापरत तिला साम्राज्यवाद समजावून सांगितला. तिने मान डोलावत नूडल्स संपवल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या इमारतीखाली, इथल्या भाषेत ब्लॉकखाली, बाबांचं राज्य सुरू झालं. पहिला निळ्या चौकडीचा रुमाल पडला कॉफीवाल्याच्या कोपऱ्यातल्या टेबलावर. तिथे बस्तान बसल्यावर दुसरा पडला ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या बाकावर, पेपर वाचायला. मग बागेतल्या झाडाखालच्या बाकावर छत्री. मग, कहर म्हणजे, चिनी आजोबा जिथे बुद्धिबळ खेळतात त्या टेबलाच्या एका कडेला चष्म्याची रिकामी डबी. या देशात दुसऱ्याच्या वस्तूला कुणी हात लावत नाही, त्यामुळे बाबांना कुठेही लढाई करावी लागली नाही. मी चांगीच्या ऑफिसातून दमून यायची आणि धुवायला एकही रुमाल सापडायचा नाही. सगळे मोहिमेवर.

"बाबा, अहो, लोक काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत. मी फक्त पेपर वाचतो."

लेकीने प्रोजेक्ट सादर केला आणि पहिली आली. ही पहिली कशी आली बुवा, म्हणून मी तिची चित्रं बघितली. पहिल्या चित्रात बोट आणि साहेब. पुढच्या सगळ्या चित्रांत आमचा ब्लॉक, बाक, टेबल आणि रुमाल. रात्री जेवताना तिने निकाल जाहीर केला. "आजोबा, यू आर द ब्रिटिश, लाह."

बाबांचा आमटी-भाताचा घास हातातच राहिला. "मी फक्त पेपर वाचायला बसतो गं."

"दे ऑल्सो से लाइक दॅट. ओन्ली ट्रेडिंग, ओन्ली ट्रेडिंग."

त्या दिवशी बाबा ताक न पिता उठले. आमच्या घरातली ही फार गंभीर घटना आहे. पण सकाळी बघते तर रुमाल होते तिथेच.

मग एका संध्याकाळी लिफ्टमध्ये त्या बुद्धिबळवाल्या आजोबांपैकी एक भेटले. फार सभ्यपणे त्यांनी मला विचारलं, तुमचे सासरे या महिन्यात परत जाणार म्हणतात, तर त्यांच्या मागे तो तळमजल्यावरचा बाक आम्ही घेतला तर चालेल का? लिफ्टचं दार उघडताच मी बाहेर पडले. आम्ही इकडे पासची तयारी करतोय आणि हे सगळ्या ब्लॉकला निरोप देऊन बसलेत.

मी तणतणतच घरात शिरले. बाबा पलंगावर बसून बॅगेतून सदरा काढत होते. आल्यापासून ती बॅग खुर्चीवर तशीच, कपडे त्यातच. मी रिकामं केलेल्या कपाटात नुसत्या डांबरगोळ्या. ते बघून माझं डोकंच फिरलं.

"बाबा, खालचा बाक तुमचा, कॉफीचं टेबल तुमचं, झाडसुद्धा तुमचं. आणि इथे अख्खं कपाट मोकळं पडलंय तर त्यात एक बनियन ठेववत नाही तुमच्याच्याने? स्वतःच्या मुलाच्या घरात पाहुण्यासारखे बॅगेतून कपडे काय काढता?"

बाबा शांत होते. "ते कपाट माझं आहे?"

"मग कुणाचं?"

"मला कुणी सांगितलं?"

मी कपाटाचं दार लावून घेतलं.

"फोटो काढलात," ते म्हणाले. "पोरीने पुण्याहून फोन करून माझा दूधवाला बंद केला. पेपरवाला बंद केला. त्या दूधवाल्यानेच मला कळवलं. म्हणजे तुम्हाला माहीत, तिला माहीत, दूधवाल्याला माहीत. राहिलो मी."

"तुम्ही बिचकाल असं वाटलं आम्हाला. तुमच्या भल्यासाठीच तर..."

"इंग्रजही हेच म्हणायचे," बाबा म्हणाले. "वर्गात हा धडा घेताना माझा आवाज चढायचा."

आता मात्र मला हसूही येईना आणि रडूही. ते सदऱ्याची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिले. "बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही गं. इथे लागते. आलो तेव्हापासून वाट बघतोय, एकाने तरी तोंडाने म्हणावं."

मी त्यांच्यासमोर खाली फरशीवरच बसले. "बाबा, राहाल आमच्याकडे? कायमचे?"

"नाही म्हटलं तर?"

"तर मी इथेच भोकाड पसरेन."

"मग राहतो," ते म्हणाले.

तेवढ्यात नवरा ऑफिसातून आला. बूट काढतो न काढतो तोच मी त्याला दारातून ओढत आत आणलं आणि म्हटलं, "विचार त्यांना." त्याला बिचाऱ्याला काय झालंय तेही कळेना. एका पायात मोजा, एक पाय उघडा, तसाच उभा राहिला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला समजलं असावं.

"बाबा," तो म्हणाला, "इथेच राहा ना आता. आमच्याजवळ."

"ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले.

त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. बाबांनी कानामागे हात धरला. त्याने आणखी एकदा विचारलं, आणि या वेळी त्याचा आवाज मधेच फुटला.

बाबांचे कान अगदी शाबूत आहेत. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खालच्या बुद्धिबळातला शह ऐकू येतो.