बोटभर उघडलेलं दार

हे मी लिहिणारच नव्हते, खरंच. पण सकाळी आपल्या मंगाच्या ग्रुपवर कुणीतरी लेखकाबद्दल परत तेच टाकलं, "हा माणूस मेला का जिवंत आहे, काढत का नाही पुढचा भाग?" आणि खाली सगळ्यांचे हसायचे चेहरे. माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहितेय. मोबाईलवर टाईप करतेय, चुका असतील तर असू देत.

हे पंचाक्षरी काकांबद्दल आहे. नवी पेठेच्या बोळात त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं, वर पत्रा, आत खळीचा वास. आपल्यातल्या कितीतरी जणांचे प्रोजेक्ट त्यांनी बांधलेत. अंगानं जाड, कपाळाला विभूती, मूळचे कर्नाटक सीमेवरच्या दुधनीचे, त्यामुळे चिडले की कन्नड आणि खूश झाले तरी कन्नड.

अकरावीत असताना मी 'विहिरीचा जिना'ची पानं प्रिंट काढून त्यांच्याकडे नेली. ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांसाठी सांगते. एका गावातली विहीर एका रात्रीत आटते. पाणी गेलं कुठं ते बघायला हारू नावाची मुलगी विहिरीत उतरते, तर आत जिना असतो आणि तो संपतच नाही. जपानी मंगा, म्हणजे चौकटीचौकटींची चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचायची. पुस्तकाची शिवण उजव्या हाताला.

काकांनी ती डाव्या हाताला घातली. जगातली सगळी पुस्तकं तिकडूनच शिवतात असं त्यांना वाटायचं. मी तिथंच रडायला लागले.

"अगं रडतीस काय, मगळे, पोरी! पुस्तक शिवलंय, नरडं न्हाय आवळलं कुणाचं."

"काका, उलटं झालं सगळं!"

"माजं उलटं? ह्यांचंच उलटं हाय की. बोट ठिवून दाव बरं, कुटनं सुरू हुतंय?"

मी दाखवलं. भाषांतर इंग्रजीत होतं. अक्षरं त्यांना लागायची, अर्थ लागायचा नाही, म्हणून मी मराठीत सांगत गेले. दहा पानं झाल्यावर त्यांनी हातातली दाभण खाली ठेवली.

"पाणी गेलं म्हणती? आमच्याकडं बी चार-चार दिवस येत न्हाय. जा की बाई, शोध. आन सापडलं तर आमचंबी इचार."

मग त्यांनी शिवण उसवली, पानं सरळ केली आणि उजवीकडून पुन्हा बांधली. तेव्हापासून नवीन भाग आला की मी प्रिंट घेऊन दुकानात, काका हातातलं काम बाजूला सारून पाटावर. प्रत्येक खंडाला ते चादरीच्या कापडाचं कव्हर घालायचे, लाल-पांढरं, कारखान्यातलं उरलंसुरलं. आमची अख्खी गँग मग तिथंच पडीक असायची. काका सगळ्यांना चहा पाजायचे आणि कुणी पुढचं आधीच सांगितलं तर पट्टी उगारायचे.

शेवटचा खंड मात्र त्यांनी बांधलाच नाही. दोन पुठ्ठ्यांमध्ये सुटी पानं, आणि ते सगळं लाकडी शिकंज्यात दाबून ठेवलेलं. भाग आला की शिकंजा सैल करायचा, पानं खाली सरकवायची, परत आवळायचा. मी म्हटलं, बांधून टाका की. तर म्हणाले, "कता चालू हाय तवर खळ लावायची न्हाय."

आणि कथा थांबली. शेवटचं पान ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय. हारू उजवीकडे उभी, हात पुढे केलेला, आणि पानाच्या अगदी डाव्या कडेला दार. बोटभर उघडलेलं. आतून उजेड तिच्या नखांवर पडलाय आणि पाण्याचा आवाज येतोय. बस. लेखकाची पाठ गेली, बसता येत नाही, काम बेमुदत बंद, एवढं पत्रक आलं. त्याला वर्षं झाली.

आपण काय केलं? दुसरं बघायला लागलो. गँगमधला राजस काकांच्या तोंडावर म्हणाला, "काका, सोडा हे. संपलेलं काहीतरी वाचा, एका दमात होतंय." काका म्हणाले, "तू जा की. मी हाय हितं." तो गेला. सगळेच गेले. चहा प्यायला पण कुणी आलं नाही परत.

ग्रुपवर लेखकाला घातलेल्या शिव्या मी त्यांना वाचून दाखवल्या होत्या एकदा, मला वाटलं त्यांनापण राग आला असेल. ते माझ्यावरच भडकले.

"पाठ मोडलीया म्हणतीस ना त्याची? मग पडू दे की त्याला. दिवसभर वाकून कागदाचे फर्मे दुमडल्यावर माजी पाठ बगितलीस का कदी?" मग जरा वेळानं, "त्याला जेवायला घालणारं हाय का गं कोण?"

मला नव्हतं माहीत. मी कधी विचारच केला नव्हता.

तेव्हापासून दुकानात पाऊल टाकलं की त्यांचा एकच प्रश्न, "दार उगडलं का?" मी नाही म्हणायचे. "बरं. आपल्याला कुटं जायचंय." पण त्यांचे डोळे चालले होते. ते मला नंतर कळलं. उजव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं होतं. मोतीबिंदू असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. त्यांच्या वडलांचा मोतीबिंदू पिकू दिला होता आणि मग काढला होता, लख्ख दिसलं म्हणे. मग काकापण थांबले. पिकू दे. मी म्हटलं दाखवून या, सिद्धेश्वरीताईनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, डोकं आपटलं. "कच्चा काढत नसत्यात," हे एकच वाक्य.

तो मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. पिकत-बिकत काही नसतं त्यात, गेलं ते गेलं, परत येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उजवा पूर्ण गेलेला आणि डाव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं. काका बाहेर बाकड्यावर बसून मला म्हणाले, "एक चौकट दिसती एका टायमाला. मंगाला तेवडं पुरं हाय की." आणि हसले. मला इतका राग आला ना. त्यांचा, त्या लेखकाच्या पाठीचा, सगळ्याचाच. या माणसाला थांबणं सोडून दुसरं काही जमतच नव्हतं.

दुकान बंद झालं. ताई त्यांना जवळच होटगीला घेऊन गेली, तिचे मिस्टर रेल्वेत आहेत. सामान आवरताना शिकंजा भंगारात गेला. त्यातली पानं मात्र ताईनं जपून बाजूला काढली. बापाचा जीव त्यात आहे हे तिला माहीत होतं. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळे घरी जमणार, तेव्हा द्यायचं म्हणून तिनं गुपचूप दुसऱ्या एका बाइंडरकडून तो खंड बांधून घेतला. काळं रेक्झिन, वर उठावाची सोनेरी अक्षरं, थीसिसला असतात तशी. 'विहिरीचा जिना'. त्याखाली 'समाप्त'.

त्या दिवशी मी तिथं होते. ताईनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. "अप्पा, तुमचं राहिलेलं काम केलं बघा."

काकांनी बोटं फिरवली. सोनेरी अक्षरांवरून, हळूहळू. मग अंगठा पुस्तकाच्या पाठीवर गेला आणि तिथंच थांबला. पाठ, म्हणजे शिवण, डाव्या हाताला होती.

"छान झालं, सिद्धव्वा. लई छान." ताईचे डोळे भरून आले. ती शेंगापोळ्या आणायला आत गेली.

काका माझ्याकडे वळले, म्हणजे माझा आवाज यायचा त्या बाजूला. अगदी हळू विचारलं, "मग दार कुटं गेलं गं?"

मी शेवटचं पान उघडलं. पार ताणून उघडलं. हारू होती, हात होता, हाताचं मनगट होतं, आणि पुढे शिवण. दार आत गेलं होतं, खळीत, दोऱ्यात. बोटंपण.

"आहे काका," मी म्हटलं.

"खोटं बोलू नगं. चाळीस वर्सं शिवतोय मी."

नवीन प्रिंट आणते म्हटलं तर नको म्हणाले. "कुणाला दिसणार हाय? आन तिनं हौसेनं केलंय. तिला कळू देऊ नगं." ते पुस्तक आता त्यांच्या उशाशी असतं. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, अक्षरं बघा म्हणते. काका मान हलवतात.

मी रविवारी जाते, जुने भाग वाचून दाखवते. मी लई घाई करते असं ते म्हणतात. "चौकटी गाळतीस तू. दुसऱ्या कुणाला तरी आण. तो पोरगा कुटं गेला, राजस?" मी त्यांना दरवेळी परीक्षा आहे त्याची असं सांगते. राजस, वाचतोयस ना? तुझी परीक्षा संपतच नाहीये.

डावा डोळापण चाललाय. नळी बारीक होतेय, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सकाळी दारात उजेडाला बसवलं आणि पान डोळ्याशी धरलं तर हारूचा एखादा चेहरा अजून दिसतो त्यांना. पुढचा भाग येईल तेव्हा येईल, नाहीतर नाही येणार. लेखकाला शिव्या घालायला जो वेळ आहे ना तुमच्याकडे, त्यात होटगीला जाऊन येणं होतं. स्टेशनाबाहेर कुणालाही विचारा, बाइंडरकाका कुठं राहतात. जुना एखादा भाग मोठा प्रिंट काढून न्या. चौकटी गाळू नका. ताईसमोर दाराचा विषय काढू नका. आणि ते विचारतीलच उघडलं का म्हणून, तेव्हा खोटं सांगू नका, त्यांना कळतं.

जा रे कुणीतरी. या आठवड्यात जा.